बुधवारच्या दोनची नोंद

निरीक्षकबाई निवृत्त झाल्या त्याला चार वर्षं झाली होती, आणि या चार वर्षांत निरीक्षण करावं असं घरात काही घडलंच नव्हतं. त्याआधी चौतीस वर्षं त्यांनी हवामान कार्यालयात तापमापी वाचली, हवेचा दाब वाचला, गच्चीवर जाऊन आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग केले आणि त्यातल्या किती भागांत ढग आहेत ते शाईनं लिहिलं. दर तीन तासांनी. पाऊस येणार का, हे लोकांनी त्यांना बाजारात विचारलं, बारशात विचारलं, एकदा तर भूल देणाऱ्या डॉक्टरनं भूल देता देता विचारलं. बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. "अंदाजाचं खातं वेगळं. आम्ही फक्त नोंद करतो." एवढं बोलून त्या बेशुद्ध पडल्या.

निवृत्तीनंतर त्यांनी जिन्यातल्या कुंडीची नोंद ठेवून पाहिली. कुंडी काही करेना.

म्हणून एका शनिवारी सकाळी चिरंजीवांनी "मी आजपासून झोप कमी करतोय" असं जाहीर केलं, तेव्हा बाईंनी कुठल्याही आईनं विचारला असता तो प्रश्न विचारला नाही. त्यांनी विचारलं, "किती वाजता आणि किती मिनिटं?"

चिरंजीव सत्तावीस वर्षांचे होते आणि खोटे दात बनवायच्या कार्यशाळेत कामाला होते. झोप कमी करायचं कारण होतं मामा, म्हणजे बाईंचे थोरले भाऊ. बाई त्यांना दादा म्हणत. दादा सदुसष्ट वर्षांचे, शहराच्या वाद्यवृंदात एकतीस वर्षं क्लॅरिनेटच्या पहिल्या खुर्चीवर बसलेले. क्लॅरिनेट वाजवताना त्याचं टोक वरच्या पुढच्या दातांना टेकवावं लागतं. दादांचे वरचे दात गेल्या वर्षभरात एकेक करून रजेवर गेले, आणि उरलेले चार दंतवैद्यानं एकाच बैठकीत काढून हातात दिले. मग कवळी आली. कवळीनं दादांना खाता येत होतं, हसता येत होतं, भांडता तर फारच छान येत होतं. फक्त वाजवता येत नव्हतं. पुढच्या दातांवर वाद्याचा दाब आला की कवळी मागून सुटायची आणि अकराव्या सेकंदाला टक् करून जिभेवर पडायची.

वाद्यवृंदाचे नवे संचालक सभ्य माणूस होते. त्यांनी दादांना बारा दिवसांनंतरच्या गुरुवारी सकाळी अकराची वेळ दिली होती. नव्या रचनेची सुरुवात एकट्या क्लॅरिनेटच्या एका लांबलचक सुरानं होत होती. तो सूर पंधरा सेकंद धरता आला तर पहिली खुर्ची दादांची. नाही आला तर ती दुसऱ्या खुर्चीवरच्या माणसाची. हा दुसरा तिशीतला होता, त्याचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते आणि हल्ली दादा समोर दिसले की तो ते सगळे दाखवायचा.

"एक कवळी नीट करायला दहा तास लागतात," चिरंजीवांनी हिशेब मांडला. "माझ्याकडे सात वेगवेगळ्या कल्पना आहेत. सत्तर तास झाले. कार्यशाळेचे आठ तास काही सुटत नाहीत. मग सोडायची ती झोप. दर चार तासांनी वीस मिनिटं झोपायचं, दिवसातून सहा वेळा. म्हणजे आठ तासांच्या जागी दोन. रोजचे सहा वाचले. बारा दिवसांत बहात्तर. वर दोन तास उरतात."

"त्या दोन तासांचं काय करशील?"

"झोपेन," चिरंजीव म्हणाले.

"आणि त्या सात कल्पना कुठं लिहून ठेवल्यात का?"

"डोक्यात आहेत गं."

बाईंनी त्याच दिवशी जाड पुठ्ठ्याची नोंदवही आणली आणि रकाने आखले. दोन, सहा, दहा. दोन, सहा, दहा. प्रत्येक वेळेपुढं खोलीचं तापमान, बाहेरचे ढग, आणि 'विषय' असा एक रुंद रकाना. विषय म्हणजे चिरंजीव. चाचण्याही ठरल्या. बारा शब्द वाचून दाखवायचे आणि दहा मिनिटांनी विचारायचे. शंभरातून सात सात वजा करायला लावायचं. पट्टी वरून सोडायची आणि विषयानं ती किती सेंटिमीटरवर पकडली ते लिहायचं. वीस मिनिटं झाली की उठवायचं काम अर्थात बाईंचंच. चिरंजीव कार्यशाळेत असले की ते सकाळी दहाला आणि दुपारी दोनला प्लास्टरच्या पोत्यांमागं आडवे होत आणि बाई वीस मिनिटांनी फोन करत. "ऊठ. बारा शब्द सांग."

पहिल्या दिवशी बारापैकी अकरा आले. राहिला होता तो शब्द 'उशी'. बाईंनी तोही शाईनं लिहिला.

तिसऱ्या दिवशी चारच आले. विषय कपाटाशी उभं राहून कपाटाचं दार स्वतः उघडायची वाट पाहत होता. चौथ्या दिवशी शंभरातून सात वजा करत करत तो एकशे पाचवर पोचला. पाचव्या दिवशी त्याला नळातून क्लॅरिनेट ऐकू येत होतं. वर "सूर जरा चढा आहे" अशी तक्रार होती. बाईंच्या अंगात चार वर्षांत एवढा उत्साह संचारला नव्हता. माणसाच्या डोक्यात एवढं हवामान असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. त्यांनी ढगांचा रकाना आतल्या बाजूलाही लावला. 'मेंदू सहा अष्टमांश ढगाळ. दुपारनंतर तुरळक वाक्यं.'

सगळ्यात मजेशीर गोष्ट सहाव्या दिवशी लक्षात आली. चिरंजीवांचा 'काल' संपला होता.

"मामा आज सकाळी येऊन गेले ना?" त्यांनी विचारलं.

"मंगळवारी आले होते. आज गुरुवार."

"तेच. आज."

बाईंना हे फार पटलं. रात्र मध्ये आली की आजचा काल होतो. रात्रच काढून टाकली तर आज तरी कशाला मागं सरकेल? तो तिथंच थांबून फुगत राहणार. शनिवारी सुरू झालेला चिरंजीवांचा आज सहा दिवस लांब झाला होता, आणि आतल्या गोष्टी एकमेकींवर पडल्या होत्या.

याच फुगलेल्या आजमध्ये कवळ्या तयार होत होत्या. मागच्या खोलीत टेबलावर दादांच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा लोखंडी जबड्यात बसवलेला होता. त्यावर गुलाबी मेणाची हिरडी, मेणात एकेक दात, मग मेणाच्या जागी अ‍ॅक्रिलिक भरायचं आणि पेटीत घट्ट दाबून कुकरमध्ये शिजवायचं. घरातला एकुलता एक कुकर दातांकडं गेल्यामुळं मायलेक आठवडाभर टोस्टवर होते. पहिली कवळी रविवारी झाली. दादा वाजवायला आले, बाईंनी घड्याळ लावलं. अकरा सेकंद, टक्.

"मागची कड," चिरंजीव म्हणाले आणि त्यांचे लाल डोळे चमकले. "मागची कड टाळूत अर्धा मिलिमीटर खोल न्यायची! हे कुणालाच कसं सुचलं नाही?"

दुसरी कवळी मंगळवारी झाली. मागची कड अर्धा मिलिमीटर खोल. अकरा सेकंद, टक्.

तिसरी गुरुवारी झाली. त्या दिवशी सकाळी विषय टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "मागची कड! टाळूत अर्धा मिलिमीटर! हे कुणालाच कसं सुचलं नाही?"

बाईंनी चष्मा नाकावर सरकवला. नोंदवहीत मागं जाऊन पाहिलं. मग तिसरी कवळी दुसरीशेजारी ठेवली आणि पोलादी पट्टीनं मोजली. दोन्ही सख्ख्या जुळ्या बहिणी. त्यांनी लिहिलं, 'कवळी क्र. ३ ही क्र. २ सारखीच. विषयाला ही कल्पना नवी वाटते. विषय आनंदात.'

दादांनी ती तोंडात घातली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ही तर तीच वाटतेय रे."

"मामा, तुम्हाला बाहेरून तसं वाटणार," चिरंजीव समजुतीच्या स्वरात म्हणाले. "आतून सगळं वेगळं आहे."

दादांनी बहिणीकडं पाहिलं. बहीण घड्याळाकडं पाहत होती. अकरा सेकंद, टक्.

आता कुणी म्हणेल, बाईंनी सांगून टाकायचं. बाईंनाही दोन-तीनदा ते जिभेवर आलं. पण चौतीस वर्षांची सवय. तापमापीवर फुंकर मारून तापमान वाचायचं नसतं. आपण बोललो तर विषयाचं वागणं बदलणार, आणि मग जे नोंदवू ते विषयाचं की आपलं? शिवाय दुसरी एक शंका होती. दातांतलं आपल्याला काय कळतं? ढगांतही बघणाऱ्याला सगळं पांढरंच दिसतं, आणि बाईंना त्यात सत्तावीस प्रकार दिसायचे. न जाणो, त्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये चिरंजीवांना काहीतरी दिसत असेल. म्हणून त्या गप्प बसल्या आणि चौथ्या कवळीपुढं 'तशीच' असं लिहिलं.

पाचवी तेवढी वाया गेली. शनिवारी संध्याकाळी मेणात दात बसवता बसवता विषय पुढं झुकला आणि झुकलेलाच राहिला. बाईंनी वेळ पाहिली. पाच वाजून चार मिनिटं. नेमलेल्या डुलकीला छप्पन्न मिनिटं अवकाश होता, त्यामुळं उठवण्याचा प्रश्नच नव्हता. नोंद झाली, 'कपाळ मेणावर. पाच-चार ते पाच-पंधरा. खोली २४.५.' अकरा मिनिटांनी चिरंजीव उठले, मधे काही झालंच नाही अशा थाटात कवळी शिजवली, आणि बाहेर काढल्यावर तिच्याकडं बघून चक्रावले. पुढचे दात चांगले दोन मिलिमीटर आत ढकलले गेले होते. "हे कुणाचं ध्यान?" म्हणून त्यांनी ती न दाखवताच बटणांच्या डब्यात टाकली आणि मागची कड टाळूत अर्धा मिलिमीटर खोल न्यायचं ठरवलं.

रविवारी विषयानं सांगितलं की आता सवय झाली, इतकं ताजंतवानं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, लोक आठ तास झोपून वर्षं कशी वाया घालवतात देव जाणे. हे सांगताना त्याच्या दोन्ही पायांतले मोजे एकाच पायात होते. पट्टी सोडली तेव्हा त्यानं ती पकडलीच नाही. पडलेल्या पट्टीकडं बघून तो म्हणाला, "सोड ना."

सहावी कवळी, अकरा सेकंद. मंगळवारी सातवी, अकरा सेकंद. त्याच दिवशी कार्यशाळेच्या मालकांनी चिरंजीवांना दोन दिवसांची सक्तीची रजा देऊन घरी पाठवलं, कारण त्यांनी एका बाईंच्या खालच्या कवळीला वरचे दात बसवले होते आणि "उलट्या डोक्यानं खा" असा सल्ला फोनवरून दिला होता.

"छोटे, परवा परीक्षा आहे," दादा जाताना जिन्यात म्हणाले. ते बाईंना अजून छोटी म्हणत. "खरं सांग. होणार आहे का काही?"

"मी अंदाज सांगत नाही दादा."

"माहितेय. तू लहानपणीही सांगायची नाहीस. मी झाडावरून पडत होतो तेव्हा खाली उभी राहून फांद्या मोजत होतीस."

"तीन मोडल्या होत्या," बाई म्हणाल्या. पण दादा वळून जिना उतरायला लागले तेव्हा त्यांची पाठ नेहमीपेक्षा वाकलेली होती, आणि ही गोष्ट कुठल्या रकान्यात लिहायची ते बाईंना कळेना.

त्या रात्री दहाला विषय डुलकीसाठी आडवा झाला. "आई, वीस मिनिटांत उठव. एक जबरदस्त कल्पना सुचलीय. मागची कड..." आणि झोपला. बाईंनी नोंदवही उघडली. मंगळवार, रात्रीचे दहा. लिहायला पेन टेकवलं आणि थांबल्या. खाली एक ओळ आधीच भरलेली होती. बुधवारच्या पहाटेचे दोन, सहा आणि सकाळचे दहा ह्या वेळा कोऱ्याच होत्या. पण त्यांच्या खाली, बुधवार दुपारी दोनच्या पुढं, बाईंच्याच अक्षरात, बाईंच्याच शाईत लिहिलं होतं:

'तापमान २६.२. ढग तीन अष्टमांश. विषय गाढ झोपेत.'

बाईंनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. मग मनगटावरचं. बुधवारच्या दुपारचे दोन वाजायला अजून सोळा तास होते.

तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं की अकरा दिवस चिरंजीवांना दर चार तासांनी उठवायचं तर त्यासाठी आपणही दर चार तासांनी उठतोय. कार्यालयात निदान तिघांच्या पाळ्या असत. इथं तिन्ही पाळ्यांना त्याच. संध्याकाळी कधीतरी वहीवर पेंग आली असणार आणि हातानं आपल्या मनानं काम चालू ठेवलं असणार. त्यांना आठवत काहीच नव्हतं. विषयासारखंच.

पण आठवण हा प्रश्न दुय्यम होता. प्रश्न होता तो नोंदीचा. निरीक्षकाच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. वाचन चुकलं तर त्याभोवती गोल काढून सही करतात. बाईंच्या चौतीस वर्षांत असा एकही गोल नव्हता. पण न आलेल्या वेळेची नोंद भरून ठेवणं? त्यांच्या एका सहकाऱ्यानं चुलत बहिणीच्या लग्नाला जायचं म्हणून तीन नोंदी आधीच भरल्या होत्या. नेमकी त्या तीन वेळांत गारपीट झाली. त्यानंतर लोक त्याचं नावसुद्धा घेत नव्हते.

बाई दहा मिनिटं खुर्चीत बसून राहिल्या. वहीत खोटी नोंद राहू देणं शक्य नव्हतं. खाडाखोड करणं त्याहून शक्य नव्हतं. मग एकच वाट उरत होती. नोंद खरी होऊ द्यायची.

दहा वाजून वीस मिनिटं झाली. त्यांनी चिरंजीवांच्या उशाजवळचं घड्याळ उचललं, त्याचा गजर बंद केला, ते उशांच्या कपाटात ठेवलं आणि स्वतःही आपल्या खोलीत जाऊन आडव्या झाल्या. तिन्ही कोऱ्या ओळी कोऱ्याच राहिल्या. झोपेत चाललेल्या हातानं त्यासुद्धा आधीच सोडून दिल्या होत्या.

बुधवारी साडेबाराला जाग आली तेव्हा चिरंजीव पोटावर पडून घोरत होते. खोलीचं तापमान पंचवीस पॉइंट चार. बाईंनी खिडकी लावली, दार लावलं आणि विषयाच्या पलंगाशेजारी विजेची किटली ठेवून चालू केली. तेवढ्यात दादा आले. दाराच्या घंटीला हात लावायच्या आत बाईंनी त्यांना बाहेरच पकडलं.

"हळू. दोन वाजेपर्यंत झोपायचंय त्याला."

"कुणी सांगितलं?"

"वहीत लिहिलंय."

दादांनी एकसष्ट वर्षं ही बहीण पाहिलेली होती. "म्हटलं निदान त्यातल्या त्यात बरी कुठली ते बघून ठेवावं," ते कुजबुजले. बाईंनी सहा कवळ्या ओळीनं टेबलावर मांडल्या. मग वहीत क्रमांक जुळवताना पाचवा सापडेना, म्हणून बटणांच्या डब्यातून तीही काढली.

"ही नव्हती मी पाहिली."

"ही वाया गेलेली आहे."

"बाकीच्या काय गेल्यात ते दिसतंच आहे," दादा म्हणाले आणि त्यांनी ती तोंडात घातली. पुढचे दात आत गेल्यानं वरचा ओठ बसला आणि दादा एकदम कुणावर तरी रुसलेल्या कासवासारखे दिसायला लागले. ते काहीतरी बोललेही. सगळ्या अक्षरांचं मिळून एकच अक्षर झालं होतं.

घरात वाजवणं शक्य नव्हतं. विषय जागा झाला तर नोंद बुडाली. बाईंनी दादांना लिफ्टमध्ये नेलं, दार ओढलं आणि सर्वांत वरचं, सातव्या मजल्याचं बटण दाबलं. दादांनी सूर लावला. बाईंनी घड्याळ लावलं. दुसरा मजला, तिसरा मजला. अकरा सेकंद झाले. कवळी जागची हलली नाही. पंधरा झाले. पाचव्या मजल्यावर लिफ्ट थांबली, दार उघडलं, हातात कपड्यांची बादली घेतलेल्या एक शेजारीण समोर उभ्या होत्या. दादा सूर न सोडता किंचित सरकले आणि त्यांना जागा करून दिली.

"खाली जायचंय मला," शेजारीण म्हणाल्या आणि दार लागू दिलं.

एकोणीस सेकंदांना दादांचा श्वास संपला. कवळी तशीच होती. दोघं बहीणभाऊ सातव्या मजल्यावर एकमेकांकडं बघत उभे राहिले, आणि पहिल्यांदाच बाईंना नुसतं मोजणं पुरेसं वाटेना. का बरं टिकली? काय वेगळं झालं?

दोनला दोन मिनिटं कमी असताना त्या चिरंजीवांच्या खोलीत उभ्या होत्या. किटलीनं आपलं काम केलं होतं, तापमापीत सव्वीस पॉइंट दोन. विषय गाढ झोपेत. राहिले ढग. दिवाणखान्यातल्या खिडकीतून पाहिलं तर सरळसरळ पाच अष्टमांश होते. बाई न्हाणीघरात गेल्या. तिथल्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या वर आकाशाची एक पट्टी दिसते. त्या पट्टीचे त्यांनी आठ भाग केले. तीन. अशा तऱ्हेनं नोंद खरी ठरली, आणि कार्यालयात चौतीस वर्षांत कधी केली नाही ती लबाडी केल्यावर त्यांना चहा फार छान लागला.

चिरंजीव सव्वातीनला उठले. सतरा तास झोपल्यावर माणसाचा चेहरा इस्त्री केलेला दिसतो. ते मागच्या खोलीत आले, टेबलावरच्या सात कवळ्यांकडं त्यांनी बराच वेळ पाहिलं, आणि त्यांचं तोंड उघडं राहिलं.

"ह्या सगळ्या सारख्या का आहेत?"

बाईंनी नोंदवही पुढं सरकवली. चिरंजीव वाचत गेले. चौथ्या कवळीपुढच्या 'तशीच'ला ते खुर्चीत बसले.

"आई, तुला माहीत होतं?"

"लिहिलंय ना."

"मला सांगितलं का नाहीस?"

"पावसाला सांगायचं असतं का, की तू कालही पडलास म्हणून?"

"मी पाऊस नाहीये! मी तुझा मुलगा आहे!"

"त्या रकान्यात विषय होतास," बाई म्हणाल्या. पण आवाज बारीक झाला होता. "चुकलंच माझं. दुसऱ्याच कवळीला बोलायला हवं होतं."

चिरंजीवांनी डोकं धरलं. परीक्षा वीस तासांवर आली होती आणि नवी कवळी करायची तर आता उरलेल्या सहा कल्पनांपैकी एकही आठवत नव्हती. "मला प्रत्येक वेळी वाटत होतं, मी काहीतरी शोधतोय," ते म्हणाले. "आणि हात आपले शाळेत शिकवलेलंच करत होते. पुढचे दात हिरडीच्या पुढं, ओठ भरलेला दिसायला. दर वेळी."

"पाचवी सोडून," बाई म्हणाल्या. "ती एकोणीस सेकंद टिकली."

चिरंजीवांनी पाचवी उचलली, उजेडात धरली, उलटी केली. मग प्लास्टरच्या साच्यावर बसवली आणि पुढच्या दातांवर अंगठा दाबला. मग सातवी बसवून दाबला. असं चार वेळा केलं. बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. दोघांची डोकी जवळजवळ लागली होती.

"बघ. नेहमीच्या कवळीत दाब हिरडीच्या पुढं पडतो, म्हणून ती पुढून दाबली की मागून उठते. पाटाच्या कडेवर पाय दिल्यासारखं. ह्यात दात थेट हिरडीच्या वर आलेत. दाब सरळ हाडात जातो. पण असं कुणी बसवत नाही गं. माणूस भयंकर दिसतो. बोलताही येत नाही. हे मी कसं केलं?"

"कपाळानं. अकरा मिनिटं. साडेचोवीस अंशांवर."

चिरंजीवांनी कपाळाला हात लावून पाहिला. मग मान हलवली. "नाही देता येणार. माझी चूक आहे ती, माझं काम नाही. मालकांनी पाहिलं तर काय म्हणतील? रात्रभर बसून मी मुद्दाम अशी नीट..."

"मला वाटतं," बाई म्हणाल्या आणि जरा थांबल्या, कारण हे दोन शब्द त्यांच्या तोंडून असे शेजारी शेजारी कधी निघाले नव्हते. "मला वाटतं, रात्रभर बसलास तर सकाळी आठवी कवळी तयार असेल. मागची कड अर्धा मिलिमीटर खोल. मला वाटतं हीच घासूनपुसून द्यावी आणि झोपावं. दादा उद्या तिच्यावर वाजवतील."

"हा अंदाज झाला, आई."

"हो. चुकला तर चुकला."

चिरंजीवांनी तिच्या कडा घासल्या, टाळूला खुपणारा एक उंचवटा काढला, गुळगुळीत केली. संध्याकाळी सातला काम संपलं. दादांना निरोप गेला की आजची जेवणाची कवळी वेगळी, उद्याची वाजवायची वेगळी. वाजवायचीनं कुणाशी बोलू नये. नोंदवही बंद होती. रात्री दहाला दोघंही झोपले, आणि त्या झोपेबद्दल कुणाकडंही माहिती उपलब्ध नाही.

गुरुवारी अकराला मायलेक सभागृहाबाहेरच्या बाकावर बसले होते. दादा कासवाचा चेहरा घेऊन आत गेले. दाराला आतून जाड गादी लावलेली होती, त्यामुळं कान टेकवूनही काही ऐकू येईना. चिरंजीवांनी टेकवून पाहिला. बाईंनीही पाहिला. अकरा वाजून दहा मिनिटांनी दार उघडलं आणि दादा बाहेर आले. डोळे भरलेले होते. ते कशानं, ते सांगता येत नव्हतं.

"काय झालं मामा?"

दादा बोलले. भलं मोठं वाक्य होतं, त्यात चढउतार होते, एका ठिकाणी हातही उंचावला. कळलं एक अक्षर नाही.

"दादा, कवळी काढ आणि सांग."

दादांनी कवळी काढून मुठीत घेतली आणि पुन्हा सांगितलं. आता तर नुसती हवा येत होती.

"झालं की नाही झालं? मान हलव नुसती!"

दादांनी मान हलवली. पण ती अशी गोल हलवली की त्यात हो पण होतं आणि नाही पण, आणि खूप काही सांगायचं राहिलंय हेही. मग या दोघांच्या मठ्ठपणाला वैतागून त्यांनी कवळी परत तोंडात बसवली, वळले आणि आत निघून गेले. दार तसंच उघडं राहिलं.

आत वाद्यवृंद जागा घेत होता. दादा रांगांमधून वाट काढत गेले, पहिल्या खुर्चीशी थांबले, कोपरानं तिची बैठक पुसली, खाली वाकून तिचा पेच फिरवला आणि तिला त्यांच्या उंचीला येईपर्यंत दोन बोटं खाली घेतलं. बसले. शेजारच्याची स्वरलिपीचे कागद ठेवायची घोडी पायानं पलीकडं सरकवली. मग दारातून वाकून पाहणाऱ्या या दोघांकडं बघून ते एकतीस वर्षांच्या अधिकारानं जोरात काहीतरी ओरडले. शब्द याही वेळी कळले नाहीत, पण दार लावून घ्या म्हणाले असावेत. बाईंनी लावून घेतलं.